पिसवांच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, पण लिहिणं भाग होतं)

ताई, तुमची कॉमेंट रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, मग मुद्दाम थांबलो, कारण रागाच्या भरात लिहिलेलं नंतर आपल्यालाच वाचवत नाही. सकाळी परत वाचली तरी तेवढीच लागली. ज्यांच्या नजरेतून कॉमेंट सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर मी जो लेख टाकला त्यावर ताई म्हणतात, "माझी मांजर घराबाहेर पाऊल टाकत नाही, मी रोज तिच्या अंगावरून हात फिरवते, आजवर एक पिसू दिसली नाही. उगाच लोकांना घाबरवून औषधं खपवू नका. दोन पाकळ्या लसूण खाण्यात घातला की काम होतं. फोटोही किळसवाणे आहेत. लिहिण्याआधी जरा अभ्यास करत जा."

मतभेद असेल तर माझी काहीच हरकत नाही, पण हे मतभेदाचं बोलणं नाही. "औषधं खपवू नका" म्हणजे काय हो? त्या अख्ख्या लेखात एकाही कंपनीचं, एकाही औषधाच्या ब्रँडचं नाव नाही, परत वाचून बघा. आणि अभ्यासाचं म्हणाल तर कळायला लागल्यापासून माझ्या घरात कुत्रं-मांजर नाही असा काळच नाही. आईविना सापडलेली पिल्लं रात्री दर दोन-तीन तासांनी उठून बाटलीने वाढवलीत, त्यांच्या अंगावरच्या पिसवा कंगव्याने काढून साबणाच्या पाण्यात बुडवल्यात. त्यामुळे असं कोणी सहज बोलून गेलं की राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

एक मान्य. औषधं महाग पडतात, घरात तीन-चार जनावरं असली तर दर महिन्याचा तो खर्च सगळ्यांना झेपत नाही, आणि अंगावर एखादी पिसू दिसली म्हणून रात्री-अपरात्री डॉक्टरांना उठवायचं कारण नसतं. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे.

पण "एक पिसू दिसली नाही" या वाक्यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मांजर स्वतःला दिवसभर चाटत असते, आणि चाटताना बऱ्याचशा पिसवा गिळून टाकते. म्हणून मांजरीच्या अंगावर पिसू दिसणं कुत्र्यापेक्षा अवघड. नुसता हात फिरवून तर नाहीच कळत, पिसू दोन-तीन मिलिमीटरची असते, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांमधून सरकन निघून जाते. शोधायची असते ती तिची विष्ठा. बारीक दातांचा कंगवा घ्या, शेपटीच्या बुडाशी आणि मानेच्या मागे अगदी कातडीला लागून फिरवा आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या टिशूवर झटका. काळे बारीक कण पडतील. साधी धूळ असेल तर ती तशीच राहते, पिसूची विष्ठा असेल तर एक-दोन मिनिटांत कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरायला लागतो, कारण ते तुमच्या मांजरीचंच वाळलेलं रक्त असतं. हे करून बघा आणि मग मला सांगा की पिसवा नाहीत. टिशू कोरा निघाला तर मला आनंदच आहे, खरंच.

आणि बाहेर जात नाही म्हणून पिसू येत नाही, हेही चूक. आपल्या कपड्यांवरून येते, घरी येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यावरून येते, आणि आधी जनावरं असलेल्या रिकाम्या घरात राहायला गेलात तर ती तिथे आधीपासूनच असू शकते. अंगावर दिसते ती मोठी पिसू म्हणजे सगळ्या पिसवांमधला अगदी थोडा भाग, साधारण पाच टक्के म्हणतात, बाकीचं सगळं अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात पडलेलं असतं. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते, ती अंडी केसांना चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपते, जिथून उडी मारते तिथे गळून पडतात. अळ्या उजेड टाळून गालिच्याच्या तळाशी, फरशीच्या फटीत, सोफ्याच्या खाचेत शिरतात आणि वरून गळलेली तीच वाळलेली रक्ताची विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष करतात. तो कोष चिकट असतो, त्यावर धूळ-धागे बसले की दिसतही नाही, फवारणीही आतपर्यंत धड पोचत नाही, आणि आतली पिसू महिनोन् महिने थांबून राहू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की बाहेर येते. औषध लावल्यावरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसतात त्या याच, आणि लोक म्हणतात औषध नकली होतं. म्हणून लेखात मी औषधापेक्षा जास्त जागा व्हॅक्यूमला आणि अंथरुणं गरम पाण्यात, साठ अंशांवर धुण्याला दिली होती. औषधं खपवणारा माणूस असं लिहील का?

घाबरवण्याचं बोलता, तर मी का लिहितो तेही ऐका. एक पिल्लू माझ्याकडे आलं होतं, मुठीएवढं. ज्या घरातून आलं त्या लोकांनीही हेच सांगितलं होतं, आम्ही रोज बघतो, पिसवा नाहीत. मी ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. पोटावरचे केस बाजूला केले तर कातडीवर काळ्या कणांचा थर. एवढ्याशा जिवात रक्त असतं किती, आणि पिसवा ते रोज पितात. डॉक्टरांकडे नेलं पण ते वाचलं नाही. मोठ्या धडधाकट मांजरीला हे होत नाही सहसा, पिल्लांना होतं. त्यामुळे "दिसली नाही" हे शब्द वाचले की मला ते पिल्लूच आठवतं, आणि तुम्हाला ते घाबरवणं वाटतं.

मोठ्या जनावरांचंही सगळं आलबेल असतं असं नाही. काहींना पिसूच्या लाळेची अॅलर्जी असते, मग थोडेसे चावेही पुरतात, कुत्रं शेपटीच्या बुडाशी चावून चावून कातडी सोलून काढतं, मांजर पोट चाटून टक्कल पाडते आणि आपण म्हणतो सवय आहे तिची. पिसू गिळली की पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला लांब चपटा जंत, होऊ शकतो, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात ते त्याचेच.

फोटोंबद्दल काही बोलत नाही, पिसवांच्या लेखात पिसवांचेच फोटो असणार.

लसणाचं मात्र सोडणार नाही. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मांजरींना जास्तच बाधतात, रोज थोडा थोडा दिला तरी. एकीकडे पिसवा रक्त पिणार आणि दुसरीकडे आपण खायला घालून तेच रक्त कमी करणार. अभ्यासाचा सल्ला दुसऱ्याला देण्याआधी एवढं एक तपासायला हवं होतं तुम्ही.

तसंच कुत्र्यासाठीचं औषध मांजरीला लावू नका, हे लेखात ठळक अक्षरात होतं, परत लिहितो. कुत्र्यांच्या कातडीवर टाकायच्या कित्येक ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजरीच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. कुठलं औषध, किती वजनाला किती, हे तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी सांगणार नाही.

तुमची कॉमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त लसणाच्या वाक्याखाली "असं करू नका" एवढी ओळ माझ्या नावाने टाकलीय, कारण ती वाचून कोणीतरी आज संध्याकाळी मांजरीच्या वाटीत लसूण ठेचून घालेल. तुम्हीच ते वाक्य काढलंत तर मीही माझी ओळ काढतो.