रणात पुतळा? नको रे बाबा!

काल नातेवाइकांच्या ग्रुपवर वाळवंटातून वर आलेल्या भल्यामोठ्या हाताचा फोटो पडला आणि लगेच ठराव पास: "धोरडोच्या (कच्छच्या रणातलं गाव) रस्त्याला असंच काहीतरी हवं!" काकांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचे अंगठे वर.

माझा विरोध इथे सविस्तर लिहितो, तिथे भांडण नको.

तो हात चिलीतल्या आताकामा वाळवंटातला. आंतोफागास्ताच्या दक्षिणेला 75 किलोमीटरवर, हायवेपासून जरा आत. मारियो इरार्राझाबाल यांनी 1992 मध्ये उभारला, उंची 11 मीटर, म्हणजे आपल्याकडचं तीन मजली घर. आसपास ना झाड ना खांब, त्यामुळे शेजारी माणूस उभा राहीपर्यंत आकाराचा अंदाजच येत नाही. एवढा थोरला असूनही हात बुडणाऱ्याचा वाटतो, रुबाब औषधालाही नाही. मला आवडतो तो त्यासाठीच.

कॅलिफोर्नियात बोरेगो स्प्रिंग्जचा सर्प तर भारीच खट्याळ. रिकार्डो ब्रेसेडा यांचं लोखंडी काम, सुमारे 350 फूट लांब. डोकं रस्त्याच्या एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला, आणि मधलं अंग डांबराखालून गेल्याचा भास. रस्त्यालाच कामाला लावलंय पठ्ठ्यानं!

पण कच्छचं रण म्हणजे आताकामा नव्हे. आताकामात पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे लोखंड-सिमेंट तग धरतं. रणात पावसाळ्यात पाणी भरतं, हिवाळ्यापर्यंत सुकतं, वर मिठाचा थर आणि खाली चिखल. मीठ काँक्रीटमध्ये मुरलं की सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. मग डागडुजी, टेंडर, भोवती पत्रे.

शिवाय आपल्याकडे शिल्प म्हटलं की पहिला प्रश्न "किती फूट?" केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याचे 182 मीटर झाले, आता तरी हौस फिटावी. रणात केलं की तिकीटखिडकी, पार्किंग, सेल्फी पॉइंट ओघानं आलेच. लोक धोरडोला जातात ते तिथे काही नाही म्हणूनच ना? (तंबूंचे दर बघता 'काही नाही' फारच महाग पडतं, ते सोडा.)

एवढीच हौस असेल तर बडोद्यात करा. एम. एस. विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 पासून इथेच आहे, शिल्पकार बाहेरून मागवायला नकोत. आणि शिल्पकार नागजी पटेलांचा दगडी वड? फतेगंजला दिमाखात उभा होता, उड्डाणपुलासाठी काढला. तेव्हा या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. आधी त्याची चौकशी करू, मग रणाकडे बघू.