पर्ड्यूचा २०२५ चा हंगाम: माझा आकडा तीन

आमच्या पर्ड्यूवाल्यांच्या (अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं विद्यापीठ) ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: यंदा, २०२५ मध्ये, कॉलेजचा संघ अमेरिकन फुटबॉलच्या किती मॅच जिंकणार? कुणी सहा म्हणतंय, कुणी डिसेंबरमधल्या बाऊल गेमसाठी (किमान सहा विजय मिळवले की मिळणारा हंगामानंतरचा सामना) सुट्ट्या टाकायच्या गोष्टी करतंय. मी तीन म्हणते. आणि तीन झाल्या तर मला मनापासून आनंद होईल. ग्रुपवर चार ओळी लिहिल्या की लगेच ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी २०२४ आठवा. १२ सामने, १ विजय. तोही पहिल्याच सामन्यात, इंडियाना स्टेटवर ४९-०. त्यानंतर सलग ११ पराभव. नोत्र दामनं आपल्याच रॉस-एड स्टेडियममध्ये येऊन ६६-७ असं लोळवलं. ओरेगॉननं ३५-०, ओहायो स्टेटनं ४५-०. आणि शेवटी ब्लूमिंग्टनला इंडियानाकडून ६६-०. ज्या ओल्ड ओकन बकेट या बादलीच्या ट्रॉफीसाठी १९२५ पासून दोन्ही कॉलेजं जीव तोडून खेळतात, त्या बकेटच्या सामन्यात एवढी मोठी हार कधी झाली नव्हती. त्या बादलीच्या साखळीत दरवर्षी जिंकणाऱ्याचं अक्षर अडकवतात, आपलं ‘पी’ किंवा त्यांचं ‘आय’. यंदा त्या साखळीला शंभर वर्षं होतायत, म्हणून नोव्हेंबरचा सामना जास्तच जिव्हारी लागणार आहे.

कोच रायन वॉल्टर्स गेले, बॅरी ओडम आले. ओडम यांची निवड मला पटली आहे. मिझुरीत चार वर्षांत २५ विजय, २५ पराभव, म्हणजे ना धड यश ना अपयश. पण नंतर लास व्हेगासच्या यूएनएलव्हीत त्यांनी जे केलं ते खरोखर मोठं होतं. तिथे आदल्या वर्षी ५-७ (५ विजय, ७ पराभव) असलेला संघ त्यांनी पहिल्याच वर्षी ९ विजयांवर नेला आणि लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या माउंटन वेस्ट लीगच्या अंतिम सामन्यात उतरवला. दोन्ही वेळा बॉईझी स्टेटकडून हरले, पण तोवर यूएनएलव्हीकडे ढुंकूनही न पाहणारे लोक त्यांचे सामने लावायला लागले होते.

मग सहा का नाही? ग्रुपवरचं आवडतं उत्तर म्हणजे ‘इंडियानाला जमलं, आपल्याला का नाही?’ २०२३ ला ३-९, २०२४ ला नवे कोच सिग्नेटी आले आणि ११-२. खरंय. पण सिग्नेटी येताना आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपले तयार खेळाडू घेऊन आले होते, डझनभर. त्यांची पद्धत त्या पोरांना तोंडपाठ होती. ओडमकडे तसा कणा नाही. सेफ्टी (बचावपटू) डिलन थीनमन ओरेगॉनला गेला, टाईट एंड (आक्रमणातला खेळाडू) मॅक्स क्लेर ओहायो स्टेटला. आपले सगळ्यात चांगले दोघे असे बलाढ्य संघांनी उचलले, आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) पन्नासहून जास्त नवे खेळाडू इकडे आले. ऑगस्टच्या सरावाला निम्म्या पोरांना शेजारच्याचं नाव विचारावं लागत असेल. ऑफेन्सिव्ह लाईनचे, म्हणजे आक्रमणातल्या पुढच्या फळीचे, पाच जण एकमेकांच्या नुसत्या हालचालीवरून ओळखतात की ब्लिट्झ (समोरच्या बचावपटूंची अचानक मुसंडी) कुठून येणार, कोण कुणाला अडवणार. ती समज पोर्टलमधून विकत मिळत नाही, ती एकत्र खेळूनच येते.

जुने लोक आपल्या आधीच्या कोचची, टिलर आणि ब्रॉमची, आठवण काढतात. जो टिलर यांनी १९९७ मध्ये पहिल्याच वर्षी ९-३ केलं, जेफ ब्रॉमनी २०१७ मध्ये ७-६. हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण दोघांच्याही हातात आधीच्या कोचनं जमवलेला, तीन-चार वर्षं एकत्र राहिलेला संघ होता. आज कोच गेला की संघही जातो. शिवाय ब्रॉमच्या काळात आपल्या बिग टेन लीगचा पश्चिम गट होता, तो जिंकून आपण २०२२ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. आता गटच उरले नाहीत. १८ संघ, सरसकट एकच तक्ता.

आणि वेळापत्रक बघा. जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपदाची अंतिम लढत झाली ती ओहायो स्टेट आणि नोत्र दामची. ते दोन्ही संघ आपल्या यादीत आहेत! त्यात यूएससी, इलिनॉय, मिशिगन, वॉशिंग्टन आणि इंडियाना. बॉल स्टेट आणि सदर्न इलिनॉय या घरच्या मॅच जिंकायलाच हव्यात. मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, रटगर्स यांपैकी एक मारायची. झाले तीन.

माझं लक्ष मात्र विजयांच्या आकड्यापेक्षा शेवटच्या, चौथ्या क्वार्टरवर असेल. गेल्या वर्षी बहुतेक सामने हाफटाईमलाच संपले होते. ठळक अपवाद इलिनॉयचा. रायन ब्राऊनचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) म्हणून पहिलाच स्टार्ट, २७-३ असे मागे, आणि तिथून हे पोरगं स्वतः धावत, पास टाकत संघाला ओव्हरटाईमपर्यंत घेऊन गेलं. तिथे टचडाऊन झाल्यावर बरोबरीचा एक गुण घ्यायचा सोडून आपण दोन गुणांसाठी गेलो, प्रयत्न फसला, ५०-४९. मी त्या निर्णयाच्या बाजूनं तेव्हाही होते, आजही आहे. हरलो, पण मैदानात कुणी मान खाली घातली नव्हती. यंदा असे पाच-सहा सामने दिसले, तर निकाल काहीही लागो, गाडी रुळावर आली असं मी म्हणेन.

ब्राऊन हिवाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि वसंतात परत आला, त्यावरून त्याला ‘पळपुटा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या कोचनं त्याला आणलं तो गेला, नवा काय करणार ते माहीत नाही. विशी-एकविशीतल्या मुलानं आणखी काय करायचं? यंदापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार आहेत, एका कॉलेजनं सगळ्यांना मिळून २०२५-२६ साठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. कोच करार मोडून जातात तेव्हा आपण त्याला ‘करिअर’ म्हणतो, मग पोरांनाच निष्ठेचे धडे का?

आणि निष्ठाच बघायची तर डेव्हिन मॉकबी बघा. इंडियानातल्याच बूनव्हिलचा मुलगा, स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून आला, २०२२ मध्ये ९६८ यार्ड धावून पर्ड्यूच्या फ्रेशमनचा विक्रम केला. इतकी पडझड पाहूनही तो इथेच थांबलाय. त्याच्यासाठी तरी यंदा स्टेडियम भरायला हवं.

मी वेस्ट लाफायेटला, पर्ड्यूच्या गावी, शिकत होते तेव्हा, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला आपण ४९-२० असं हरवलं. टायलर ट्रेंट, कॅन्सरशी झुंजणारा आपलाच विद्यार्थी, त्या रात्री स्टेडियममध्ये होता. जिंकणार, असं त्यानं आधीच ठासून सांगितलं होतं. पुढच्या १ जानेवारीला तो गेला. विद्यार्थ्यांच्या प्रवेशद्वाराला आज त्याचं नाव आहे. त्या दारातून आत शिरणाऱ्यांनी हाफटाईमला पार्किंगकडे निघू नये, एवढं मला कळकळीनं वाटतं.

ओडमना किमान तीन हंगाम द्या. वॉल्टर्स यांना दोन वर्षांत काढलं ते मला पटलं होतं, कारण दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट होतं. ओडमलाही तीच फूटपट्टी लावा: २०२६ चा संघ २०२५ पेक्षा बरा दिसतो का?

३० ऑगस्टला बॉल स्टेट, आपल्या घरी. यंदा नव्यानं आलेल्या मराठी मुलामुलींनो, चार डाऊन आणि दहा यार्डांची भानगड कळत नसेल तर मेसेज करा, शेजारी बसून समजावून सांगेन. बाकीच्यांनी खाली आपला आकडा लिहा. सहा लिहिणाऱ्यांनी कोणते सहा, तेही लिहा.