त्या बेटाचं पुढे काय झालं?

आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुठलासा कार्यक्रम, चाळिशीकडे झुकलेली माणसं रांगेत उभी आणि समोर एक लेखक. खेळण्यांच्या गोष्टीतल्या शंका विचारत होती ती. अमक्या वीराचा मुखवटा तुटला तेव्हा त्याची शक्ती कुठे गेली, वगैरे. टेबलावर हशा पिकला. ‘कामधंदा नाही का यांना?’ मी डबा बंद केला आणि उठले. करी रोडला उतरले तरी डोकं तापलेलंच होतं, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ असाच होता. लालबागची चाळ, दोन खोल्या, आणि मामाने दुबईहून आणलेली निळी गाली. लेगो या खेळण्यांच्या कंपनीची बायोनिकल नावाची यंत्रवीरांची मालिका होती, त्यातली ही पाण्याची तोआ, म्हणजे वीर, आणि पहिल्या सहा वीरांमधली एकटीच मुलगी. २००१ साली ती मालिका आली. गोष्ट अशी की हे सहा वीर डब्यांत बंद होऊन माता नुई नावाच्या बेटाला लागतात, तेसुद्धा सुटे सुटे, आणि स्वतःच स्वतःला जोडून घेतात. खेळणंही तसंच, डब्यात सुट्या भागांचं. पोराने जमिनीवर बसून तिचे हातपाय जोडले आणि त्याच दिवशी प्रश्न सुरू झाले. डब्यात त्यांना कोणी घातलं? आधी ते कुठे होते?

घरात उत्तर कोणाकडे असणार? पण ग्रेग फार्श्टी नावाचा माणूस होता. बायोनिकलची कॉमिक्स आणि नंतर बऱ्याच कादंबऱ्या त्याने लिहिल्या, आणि इंटरनेटवर तो पोरांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. एक-दोन नव्हे, वर्षानुवर्षं, हजारो. त्या जगात प्रेमात पडणं असतं का, असंसुद्धा विचारलं लोकांनी, आणि नसतं असं त्याने सांगून टाकलं. तो म्हणेल ते गोष्टीत धरलं जायचं. माझा भाऊ सायबर कॅफेत बसून ती उत्तरं दोनशेपानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचा. इंग्रजी यथातथाच. अडलेला शब्द घरी येऊन मला विचारायचा.

ती वही शाळेत पकडली गेली. शिक्षकांनी वर्गापुढे मोठ्याने वाचून दाखवली. सगळा वर्ग हसला, वही जप्त झाली, आणि आईला बोलावून सांगितलं की मुलगा भलत्या जगात राहतो.

भलतं जग म्हणे! आमची आजी कीर्तन संपल्यावर बुवांना गाठून विचारायची, लक्ष्मण वनवासात गेला तेव्हा मागे उर्मिलेला घरात वागवलं कसं? बुवा आदराने उत्तर द्यायचे, कोणी हसायचं नाही. अश्वत्थामा अजून नर्मदेकाठी फिरतो का यावर आपल्याकडे म्हातारी माणसं तावातावाने बोलतात. मग एका पोराने यंत्रमानवांच्या बेटाबद्दल तेच केलं तर लगेच डोकं ठिकाणावर नाही?

हो, पुराण आणि खेळणं एक नाही, मान्य. कंपनीला माल खपवायचा होता हेही मान्य. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे शब्द न विचारता उचलले, त्यांनी आक्षेप घेतल्यावर काही नावं बदलावी लागली, तेही खरं. आणि काही चाहते हवं तेच उत्तर मिळेपर्यंत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत लेखकाचा जीव खातात. खातात, ठीक आहे.

पण हे ऐका. क्रिस्टियन फेबर हा बायोनिकलच्या मागचा डॅनिश कलाकार. त्याला मेंदूत ट्यूमर होता आणि तो औषधाची इंजेक्शनं घेत होता. निद्रिस्त पडलेला एक प्रचंड देह, त्याला आतून लागलेला रोग, आणि बरं करायला त्यात शिरलेल्या चिमुकल्या डब्या, ही कल्पना त्याला तिथून सुचली. २००८ मध्ये गोष्टीत उलगडलं की ज्याचं नाव बेटाला होतं तो माता नुई हा महाकाय यंत्रमानव आहे आणि इतकी वर्षं ज्या बेटावर सगळं घडलं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. २००२ साली बोहरॉक नावाच्या किड्यांसारख्या यंत्रांच्या ज्या टोळ्या बेट उजाड करायला निघाल्या होत्या, त्यांचं खरं काम काय, तर तो उठण्याआधी चेहरा साफ करणं. सहा वर्षं आधी पेरलेलं! माझ्या भावाने वहीत केव्हाच लिहिलं होतं, ‘बोहरॉकना बेट रिकामंच का हवंय?’ त्याच पानावर वर्ग सगळ्यात जास्त हसला होता.

शेवटी माता नुई उठला आणि बेट मोडलं. बेटावर राहणारे मातोरान लोक आधीच निघून गेले होते, पण त्यांनी बांधलेल्या गावांचं काय, हे भावाच्या मनात राहिलं. वही गेल्यावर त्याने कोणाला काही विचारणं सोडलं होतं. गोष्टीबद्दलच नव्हे, कशाबद्दलच. वर्गात हात वर नाही, घरी बडबड नाही. आई म्हणायची, शहाणा झाला. मला ते शहाणपण बघवत नव्हतं, अजून आठवलं तरी घशाशी येतं.

तो आता काय करतो, किती कमावतो, हे मुद्दाम सांगत नाही. लगेच कोणीतरी म्हणेल, बघा, त्या नादाचा फायदा झाला. फायदा झाला नसता तरी तो प्रश्न चांगलाच होता.

आणि फार्श्टीचं मला खरंच कौतुक वाटतं. २०१० मध्ये कंपनीने मालिका गुंडाळली, तरी तो त्यानंतर कितीतरी वर्षं चाहत्यांना उत्तरं देत राहिला. आपल्याकडे मुलांच्या लेखकाला शाळेत बोलावतात तेव्हा अर्धा वेळ शाल-श्रीफळात आणि प्रास्ताविकात जातो. मग ‘वेळेअभावी’ प्रश्न रद्द. पोरं पहिल्या रांगेत मांडी घालून, कागदावर प्रश्न लिहून बसलेली असतात हो!

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा एक बालसाहित्यिका येणार आहेत. समितीला मी आत्ताच मेसेज टाकलाय, भाषण १० मिनिटं, सत्कार २ मिनिटं, उरलेला सगळा वेळ मुलांच्या शंकांना, आणि माइक मुलांच्या हातात. अध्यक्ष ‘बघू’ म्हणालेत. बघू नाही काका, लेखी हवंय. सोसायटीतल्या ज्यांना पटतंय त्यांनी ग्रुपवर येऊन तसं लिहा, आजच.