सामना संपल्यावर कबुली कशाला?

चूक मान्य करायची आणि निकाल मात्र तसाच ठेवायचा, हा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमधला (बाद फेरीतला) प्रकार आता डोक्यात जातो! 27 एप्रिल 2025, डेट्रॉइट. न्यूयॉर्क निक्स 94, यजमान पिस्टन्स 93. शेवटच्या क्षणी पिस्टन्सचा टिम हार्डअवे ज्युनियर कोपऱ्यातून थ्री (तीन गुणांचा फटका) मारतो, निक्सचा जॉश हार्ट उडी घेऊन थेट त्याच्या अंगावर येतो. शिट्टी? नाही! नंतर मुख्य पंच सांगतात, फाउल द्यायला हवा होता. आता सांगून काय उपयोग? प्रत्येकी एका गुणाचे तीन फ्री थ्रो गेले. 2-2 होऊ शकणारी मालिका निक्सच्या बाजूनं 3-1 झाली!

चॅलेंज (प्रशिक्षकानं मागितलेली फेरतपासणी) घ्या म्हणाल, तर ते फक्त दिलेल्या निर्णयावर घेता येतं. न वाजलेल्या शिट्टीवर नाहीच. वर टाइमआउट शिल्लक हवा. मग दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन मिनिटांतल्या पंचांच्या निर्णयांचा लीगचा अहवाल येतो, तोही चुरशीच्याच सामन्यांचा. आधीच्या 46 मिनिटांचं काय? चेंडू कुणाच्या बोटाला लागून बाहेर गेला हे ठरवायला रिप्ले पुन्हा पुन्हा बघता ना? मग अख्खी मालिका फिरवणारा धक्का का नाही बघत?