अरबी समुद्रात काँक्रीट नाही

वाशी-नेरूळकडील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर उन्हाळा लागला की एक लांबलचक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘हवामानबदल : एक बागुलबुवा’ असे त्याचे शीर्षक असून त्यात सहा मुद्दे आहेत. हवामान पूर्वीपासूनच बदलत आले आहे. वाढत्या तापमानाला सूर्य आणि ज्वालामुखी जबाबदार आहेत. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के असल्याने त्याची मातब्बरी नाही. 1970च्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुगाची भीती घालत होते. उकाड्याचे खरे कारण काँक्रीट आणि झाडतोड आहे. आणि काही व्हायचेच असेल तर ते शंभर वर्षांनी होईल, शिवाय दोष पाश्चात्त्यांचा, तेव्हा आपण कशाला घाई करायची, असा त्याचा सारांश आहे.

मी हवामानशास्त्रज्ञ नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याचे बॉयलर हाउस मी 27 वर्षे सांभाळले, आणि तापमान चढले की ते का चढले हे शोधणे हा तिथला माझा रोजचा उद्योग होता. त्या सवयीने हा मजकूर वाचला असता जी खोट दिसते ती दाखवण्यापुरतेच हे लेखन आहे.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्याहून पाच-सहा अंशांनी कमी होते आणि ते वर यायला जवळपास 10,000 वर्षे लागली. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणारे संथ बदल हे त्यामागचे मूळ कारण होते. गेल्या दीडशे वर्षांत मात्र तापमान एका अंशाहून अधिक वाढले आहे आणि कक्षेतील बदल एवढ्या थोड्या अवधीत हे काम करू शकत नाहीत. पूर्वी एका कारणाने ताप आला होता म्हणून आजचा तापही त्याच कारणाचा, असे निदान कोणताही डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय करणार नाही.

ती तपासणी झालेली आहे, आणि दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर तिच्यातच आहे. इंधन तेवढेच जळत असताना वाफ कमी पडू लागली आणि चिमणीतून जाणाऱ्या धुराचे तापमान चढले, तर नळ्यांना उष्णता अडवणारा क्षार धरला आहे हे आम्ही बॉयलर न उघडताच सांगत असू. इंधनच जास्त जळत असते तर वाफही वाढली असती आणि चिमणीही तापली असती. उष्णता कुठे वाढली आणि कुठे घटली यावरून कारण ओळखता येते, ते असे. सूर्य अधिक तळपत असता तर वातावरणाचे वरचे आणि खालचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे, म्हणजे उष्णता खालीच अडकते आहे. शिवाय 1978पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा थेट मोजत आहेत. तिच्यात अकरा वर्षांच्या आवर्तनाचे चढउतार दिसतात, पण सातत्याने वाढ झालेली दिसत नाही.

ज्वालामुखींचे उत्तर थोडक्यात देता येते. जगातील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यातही ज्वालामुखी हवेतला ऑक्सिजन खात नाही, जळणारे इंधन खाते. आणि हवेतील ऑक्सिजन अल्प प्रमाणात पण निश्चितपणे घटतो आहे. (ती घट श्वासोच्छ्वासाला बाधक नाही, याची काळजी नसावी.)

0.04 टक्क्यांचा मुद्दा वाचून मला हसू आले, कारण आमच्या खात्यात सारी भाषाच पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत किती भाग याची, होती. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातले क्षार, पाच-दहा पीपीएमने जरी वर गेला तरी ते क्षार काढणारा सॉफ्टनर पुन्हा चार्ज करण्यासाठी धावपळ उडे. टक्केवारीत मांडला तर तो आकडा कोणाच्या नजरेतही भरणार नाही. कोरड्या हवेचा 99 टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन यांचा आहे आणि हे तिन्ही वायू जमिनीतून वर जाणारी उष्णता जवळजवळ अडवत नाहीत. ती अडवण्याचे काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांसारखे मोजके वायू करतात. त्यांतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिकीकरणापूर्वी सुमारे 280 पीपीएम होता, तो आता 420च्या पुढे गेला आहे, म्हणजे मूळ प्रमाणाच्या दीडपट झाला आहे.

हिमयुगाच्या भीतीविषयी एवढेच सांगतो, की तसे लेख मासिकांत आले होते हे खरे असले तरी शास्त्रीय नियतकालिकांतील चित्र वेगळे होते. 1965 ते 1979 या काळातील शोधनिबंधांची छाननी 2008 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात थंडीचे भाकीत करणारे निबंध 7 आणि तापमानवाढीचे 44 आढळले. कार्बन डायऑक्साइडने तापमान वाढते ही कल्पना तर त्याहूनही जुनी आहे. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोहोचली, त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी युनिस फूट या अमेरिकी संशोधिकेने कार्बन डायऑक्साइडने भरलेली नळी उन्हात साध्या हवेपेक्षा अधिक तापते, हे नोंदवून ठेवले होते.

काँक्रीटचा मुद्दा मात्र आपल्याकडच्या माणसाला चटकन पटतो, आणि मलाही तो निम्मा मान्य आहे. मे महिन्यात रात्री अकरा वाजता गॅलरीच्या पश्चिमेकडील भिंतीला हात लावला तर ती दुपारचे ऊन अजून सोडते आहे, हे तळव्याला कळते. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिलेले मनोरे आणि तोडलेली झाडे यांनी उकाडा वाढवला नाही असे कोणी म्हणणार नाही. झाडे वाचवण्यासाठी झगडणाऱ्यांच्या मागे उभे राहायलाच हवे. परंतु या मजकुरात एका खऱ्या कारणाला दुसऱ्या खऱ्या कारणासमोर उभे करून दुसरे खोटे ठरवले आहे. शहरांनी पृथ्वीचा फारच थोडा पृष्ठभाग व्यापला आहे. साठत चाललेल्या जादा उष्णतेतील 90 टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रात मुरतो आहे, आणि अरबी समुद्रात काँक्रीट नाही. हिमालयातल्या वितळणाऱ्या हिमनद्यांवर टॉवर बांधलेले नाहीत. काँक्रीटचा ताप या वाढीवर चढतो. तो तिची जागा घेत नाही.

दोष पाश्चात्त्यांचा, या वाक्यात न्यायाचा अंश आहे. भारतात दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे 2 टन आहे, तर अमेरिकेत ते 14 टनांच्या आसपास आहे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत हे ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण ज्याचा दोष जास्त त्याच्याच किनाऱ्यावर पाणी चढेल, अशी काही सोय निसर्गात नाही. वर्षाच्या एकूण उत्सर्जनात आपला देश आज तिसरा आहे, आणि 2070पर्यंत ते निव्वळ शून्यावर आणण्याचे आपण 2021 साली ग्लासगो येथे स्वतःहून जाहीर केले आहे.

राहता राहिले ‘शंभर वर्षांनी’. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास निम्मा समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात आणि उरलेल्यातला बराचसा शेकडो वर्षे हवेत राहतो; त्यामुळे काही न करता घालवलेले प्रत्येक वर्ष साठ्यात भर घालून जाते. समुद्राचीही चाल बदललेली आहे. 1901 ते 1971 या काळात जागतिक सरासरी पातळी वर्षाला सुमारे 1.3 मिलिमीटरने वाढत होती, 2006 ते 2018 या काळात ती 3.7 मिलिमीटरने वाढली. आपल्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक कधी कधी चार-साडेचार मीटरचा असताना एवढ्याशा मिलिमीटरांनी काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी नवी मुंबईचे धारण तलाव पाहावेत. खाडीलगतच्या सखल जमिनीवर शहर वसवायचे म्हणून सिडकोने ते बांधले. भरती चढली की खाडीच्या तोंडाची झडप पाण्याच्या दाबानेच मिटते आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडप उघडून ते खाडीत जाते. यातली मेख वेळेची आहे, कारण खाडीची पातळी जितकी वर सरकेल तितकी झडप लवकर मिटणार आणि उशिरा उघडणार. तलावांत साचलेला गाळ आणि त्यावर माजलेले कांदळवन हा निराळा आणि तितकाच खरा दोष आहे. त्याने साठवण घटली, तर समुद्राने निचऱ्याची वेळ. संदेश लिहिणाऱ्याला शंभर वर्षे दिसतात. आमच्या सेक्टरमध्ये अतिवृष्टीचा इशारा आला की लोक त्या दिवसाची भरतीची वेळ पाहतात आणि गाड्या आधीच उड्डाणपुलावर नेऊन लावतात.