हनुवटीला किल्ली लावा, पावणं

रिमोट किल्लीतला सेल बदलला की निदान वर्षभर तरी तिची कटकट नको, एवढीच माझी अपेक्षा होती. सेल वर्कशॉपवाल्यानेच बदलून दिलेला, तोही गेल्या आठवड्यात. आणि परवा साताऱ्यात, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, कार्यालयाच्या दारातच किल्लीने मान टाकली. गाडी बंद करताना चालली, उघडताना मेली. आहेराची पिशवी मागच्या सीटवर. बटण दाबलं, गाडी ढिम्म. काचेला टेकवून दाबलं, तरी ढिम्म.

अशा किल्लीच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली दडवलेली असते. ती ओढून काढली, हँडलवरचं झाकण उचकटून भोक शोधलं आणि दार उघडलं. गाडीला वाटलं, चोर आला. तिने अशी बोंब ठोकली की आत मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजीही क्षणभर अडखळले म्हणे. हे बायकोने नंतर सांगितलं. बोंब सुरू होताच ती मला ओळखत नसल्यासारखी आहेराची पिशवी उचलून आत निघून गेली होती. अर्ध्या मिनिटाने गाडी गप्प व्हायची, दार जरा हललं की पुन्हा सुरू.

तेव्हा ते प्रकटले. धोतर, सदरा, खांद्यावर पंचा. जेवणाच्या पंगतीला अवकाश होता आणि त्यांना उद्योग हवा होता.

"काय झालं पावणं? किल्ली रुसली व्हय?"

"सेल नवीन आहे हो काका, तरी..."

"मी टेलिफोनात हुतो," काका म्हणाले. एवढ्यावर चर्चा संपली, असा त्यांचा सूर होता. "किल्ली हनुवटीला लावा."

"कुठे?"

"हनुवटीला. मान्साच्या डोक्यात काय असतं?"

"मेंदू," मी म्हणालो.

"पानी असतं, पानी! किल्लीची लहर त्या पान्यात शिरती आन् लांबवर जाती. जावा तिकडं गेटापशी, आ करा, आन् दाबा."

हे खरं आहे. मी नंतर वाचून पाहिलं, आणि खरं आहे म्हणून माझा राग जास्तच वाढला. आपल्याकडच्या बऱ्याच किल्ल्यांची लहर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची असते आणि डोक्यातल्या पाण्याच्या आधाराने तिचा पल्ला खरोखर वाढतो. पण पल्ला वाढवायचा तो गाडी लांब असेल तर! मी गाडीला टेकून उभा होतो. हे मी काकांना सांगून पाहिलं.

"म्हनून तर म्हन्तो, आदी लांब जावा."

गेलो. फाटकापाशी उभा राहिलो, हनुवटीला किल्ली लावली, आ वासला. बँडवाले विडी विझवून बघायला आले. व्हिडिओवाल्याला आत करण्यासारखं काही नव्हतं बहुधा, त्याने कॅमेरा माझ्याकडे वळवला. म्हणजे आता कधीकाळी नवरा-नवरी लग्नाचा व्हिडिओ बघतील तेव्हा सप्तपदीच्या आधी मी येणार, दाढदुखीच्या जाहिरातीसारखा.

टुक टुक! पांढऱ्या गाडीचे दिवे लुकलुकले. ताशावाल्याने हौसेने एक तर्री वाजवली. काका ओरडले, "बगा!" मी धावत सुटलो. तोवर सफारीतला एक गृहस्थ त्या गाडीत बसून निघूनही गेला. वऱ्हाडातल्या निम्म्या गाड्या पांढऱ्या होत्या. गाडी त्याची, किल्लीही त्याचीच.

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमच्यात पानीच कमी दिसतंय."

मग त्यांनी किल्ली हातातून काढूनच घेतली. लोखंडी पात्याने तिची फट उचकटून सेल बाहेर काढला. ताशावाला वाकून वाचू लागला, "सीआर २०३२. मग चालतंय की ओ अजून, २०३२ पत्तोर!"

"आरं येड्या, वीस म्हंजे त्याची रुंदी, वीस मिलिमीटर. बत्तीस म्हंजे जाडी, तीन पूर्णांक दोन." टेलिफोन खात्याबद्दलचा माझा आदर वाढू लागला, तेवढ्यात काकांनी तो सेल जिभेला लावला.

"काका!"

"करंट बगतोय." पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा असा आवळला की नाक दिसेना. "थू! ह्यो कडू हाय!"

सेल पंचाला खसाखसा घासून त्यांनी परत बसवला आणि बटण दाबलं. गाडी मुकाट्याने उघडली, मुकाट्याने बंद झाली.

प्रकार असा. लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून काही कंपन्या बटणसेलना डेनाटोनियमचा कडू लेप देतात. त्याबद्दल तक्रार नाही. असा सेल अन्ननळीत अडकला तर दोन तासांत जखम होऊ शकते. पण या लेपामुळे काही उपकरणांत सेलचा धातूशी नीट संबंधच येत नाही. हे वर्कशॉपवाल्याला माहीत नसावं? बरं, लग्नाआधीही किल्ली कुरकुरली होती, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने विचारलं, "घरात लहान मूल आहे का? लांबून सारखी बटणं दाबली की किल्लीचा आणि गाडीचा कोड जुळत नाही." आमच्या घरात सगळ्यात लहान बायको आहे, शेहेचाळीस वर्षांची. मग तो म्हणाला, सेल नवा आहे म्हणजे किल्लीच गेली. अख्खी नवी घ्या, बारा हजारांपर्यंत बसेल. पूर्वी फुटपाथवर बसलेला माणूस कानस घासून उभ्या उभ्या किल्ली करून द्यायचा, वर हसायचाही. आणि सेल मेला तरी किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली की माझी गाडी चालू होते, कारण तिच्यातल्या चिपला गाडीच वीज पुरवते, हेही त्याने सांगितलं नाही. मला पुस्तिकेत सापडलं. रात्री, घरी.

काल त्याच वर्कशॉपमधून फोन आला.

"सर, सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल? प्लीज दहाच द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात."

मी त्याला सगळं सांगितलं. कडू लेप, काका, पंचा, हनुवटी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मग दहा टाकू ना?"