‘दोन वर्षांचा अनुभव खाल्ला, फी बुडाली’ या अभिप्रायाला क्लासचं उत्तर

नमस्कार दादा. तुमचा एक स्टार काल रात्री पाहिला. बॉयलर अटेंडंट सेकंड क्लासचा (बॉयलर चालवायच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेचा) अर्ज बाद झाला, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘क्लासवाल्यांनी माझा दोन वर्षांचा अनुभव खाल्ला’ हे फार लागलं.

अर्ज सरकारचं बाष्पके (म्हणजे बॉयलर) संचालनालय तपासतं, आम्ही नाही. तुम्ही साखर कारखान्यात सीझनल होता. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू, मार्चच्या सुमारास पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की बॉयलर थंड. मधल्या महिन्यांत तुम्ही घरची शेती केलीत, चांगलंच केलंत, पण ती बॉयलरवरची नोकरी म्हणून कशी दाखवायची? त्यात अनुभवाच्या दाखल्यावर हुद्दा ‘हेल्पर’. बॉयलरचा नोंदणी क्रमांक नाही, हीटिंग सरफेस (बॉयलरचं तापणारं क्षेत्रफळ) नाही, नुसता गोल शिक्का. चीफ इंजिनिअर साहेबांकडून दुरुस्त करून आणा, असं प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं.

तुम्ही त्यावर काय म्हणालात ते अभिप्रायात नाही, म्हणून लिहितो. ‘ओळखीच्या लाँड्रीवाल्याचा, त्याच्या बॉयलरवर काम केल्याचा दाखला जोडून द्या, वरचे पैसे देतो.’ हे आमच्याकडे होत नाही, होणारही नाही. असा दाखला घेऊन बसलेल्याला तोंडी परीक्षेत विचारतात, गेज ग्लासात (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत) पाणी दिसेना, काय कराल? तो म्हणतो, फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) चालू करीन. तापून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी! गेजचे कॉक तपासायचे, पाणी खरंच खाली गेलं असेल तर आग तोडायची आणि पंपाला हात लावायचा नाही, हे भट्टीसमोर पाळ्या काढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

फी शिकवण्याची होती, पावतीवर तसं छापलंय. फोन उचलत नाही म्हणालात, तर संध्याकाळी वर्ग चालू असतो आणि शिकवणारा मी एकटाच. शेवटच्या तासांना तुम्ही आलाच नाहीत, ते जाऊ द्या.

यापुढे दाखल्याचा नमुना प्रवेशालाच हातात देऊ, आणखीही काही सुधारणा चालू आहेत. येत्या हंगामात अग्निप्रदीपनापासूनच (बॉयलर पेटवतात त्या दिवसापासून) बॉयलरवरच्या फायरमनच्या हाताखाली नाव लावून घ्या, पाळीच्या वहीत सही करत चला. मग या, फी मागणार नाही. स्टार एकच ठेवायचा तर ठेवा, पण ‘अनुभव खाल्ला’ एवढं काढा. नवीन पोरं ते वाचून दारातून परत जातात.